जागा सोडलेला पोलीस

"हा टोपीवाला बरोबर न्यायचा की निळ्या डब्यात टाकायचा, ते आता तूच ठरव," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती तसबीर स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली.

निळा डबा म्हणजे आमच्याकडे रद्दीचा. तीन आठवड्यांनी त्या हे घर सोडून म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत एका खोलीत राहायला जाणार होत्या. खोलीत किती कपाटं, किती खुर्च्या आणि किती तसबिरी मावतील हे त्यांनी टेप लावून मोजलं होतं. पाच तसबिरींना जागा होती. चार ठरल्या होत्या. पाचव्या जागेवर या माणसाचा हक्क आहे की नाही, यावर त्यांचं गाडं अडलं होतं.

जर्मनमध्ये मी त्यांना सरळ 'डू', म्हणजे 'तू', म्हणते. लग्न झाल्यापासून म्हणत आले आहे. पण मराठीत लिहायला बसले की हात आपोआप 'अहो'वर जातो. त्यांना सांगितलं तर पोट धरून हसतील.

तसबिरीतला माणूस त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. अंगात दोन रांगा बटणांचा जाड लोकरी कोट, डोक्यावर उंच टोपी, कमरेला लाकडी दंडुका. दीडशे वर्षांपूर्वी तो याच घरातून अमेरिकेला गेला आणि तिथल्या नदीकाठच्या एका मोठ्या शहरात साधा गस्तीचा पोलीस झाला. पुढे त्याला पोलिसातून काढून टाकलं. का, तर जागा सोडली म्हणून. घरात एवढंच माहीत होतं आणि एवढं पुरेसं होतं. गावातले निम्मे पुरुष तेव्हा लढाईवर जाऊन आलेले. जागा सोडली म्हणजे पळाला, पळाला म्हणजे भेकड. तसबीर भिंतीवरून उतरली ती कायमची.

"मी लहान असताना हा कपाटात भिंतीकडे तोंड करून असायचा," सासूबाई म्हणाल्या. "मी त्याला गुपचूप वळवून ठेवायचे. वडिलांनी पाहिलं की पुन्हा उलटा. ते म्हणायचे, जागा सोडणाऱ्याला आपल्या घरात जागा नाही. आता मला शेवटची खोली मिळाली आहे. त्या खोलीत भेकड माणूस नको. पण तो नसेल भेकड, तर? तू पोलिसाची मुलगी. हे कागद वाच आणि मला सांग."

असं म्हणून त्यांनी पत्र्याचा एक डबा पुढे सरकवला. त्यात सव्वीस पत्रं होती, एक शिट्टी होती आणि खिशात मावेल अशी एक वही होती. वही आणि शिट्टी त्याच्या मृत्यूनंतर तिथल्या घरमालकिणीनं पाठवली होती, आणि त्या पार्सलचा कागदही डब्यात घडी घालून ठेवला होता. सगळं जुन्या जर्मन हस्ताक्षरात. ते आता इथल्या लोकांनाही वाचता येत नाही. सासूबाईंच्या आईला यायचं, त्यांना नाही.

"लास एस," नवरा म्हणाला. म्हणजे सोडून दे. "तुला आजच्या जर्मनमधला फॉर्म भरताना घाम फुटतो."

त्यानं एवढं म्हटलं आणि माझं ठरलं. मला एखादी गोष्ट जमणार नाही असं कुणी सांगितलं की मी तिचा पिच्छा सोडत नाही. हा हट्ट माझ्या पाचवीला पुजलेला आहे, आणि नवऱ्यानं इतक्या वर्षांत तो ओळखायला हवा होता.

पोलिसाची मुलगी मी खरीच. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हवालदार होते. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे सहावीपासून त्यांचे सगळे कागद स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यात खुलासे सगळ्यांत जास्त. पोलिसाला वरून विचारणा झाली की त्यानं लेखी खुलासा द्यायचा असतो, आणि वडिलांना विचारणा फार व्हायची. बंदोबस्ताला उभे असताना ते पॉइंट, म्हणजे नेमून दिलेली जागा, सोडून जायचे. कारण दर वेळी एकच, चहा. पण मी लिहायचे, 'सदर वेळी अचानक चक्कर आल्याने'. वडील आतल्या खोलीत चटईवर पडून सांगायचे, मी लिहायचे आणि आई स्वयंपाकघरातून ऐकू जाईल असं नाक मुरडायची.

मला त्यांची लाज वाटायची, हे इथं लिहून टाकते. शाळेत मी सांगायचे की वडील सरकारी कचेरीत आहेत. त्यांना ते कळलं असणार, कारण गाव लहान होतं. ते मला कधी काही बोलले नाहीत. आता ते नाहीत, त्यामुळे विचारताही येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. जुन्या अक्षरांचा तक्ता छापून घेतला. सकाळी वाल्डॉर्फला ऑफिसला जाताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, तो गिरवायचा, संध्याकाळी परत येताना पुन्हा गिरवायचा. किराणा मालाची यादी त्याच अक्षरात लिहायला लागले. नवऱ्यानं ती दुकानात नेली आणि कांदे सोडून सगळं चुकीचं आणलं. पाच-सहा दिवस नुसत्या काट्याकुट्या दिसत होत्या. 'ई'चा 'न' दिसे आणि 'न'चा 'उ'. आठव्या दिवशी एक अख्खं वाक्य डोळ्यांसमोर उभं राहिलं. 'माझे पाय फार दुखतात.'

मी गाडीच्या डब्यातच मोठ्यानं हसले. समोरचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. जगातल्या कुठल्याही पोलिसाचं पहिलं वाक्य हेच असणार. वडील ड्युटीवरून आले की बोलण्याआधी मिठाच्या गरम पाण्याची बादली मागायचे.

मग पत्रं उलगडत गेली. रोज संध्याकाळी मी सासूबाईंकडे जायचे, त्या कॉफी ओतायच्या, प्लमचा केक कापायच्या आणि मी त्या दिवशी लागलेलं वाचून दाखवायचे. त्याला ठरावीक गल्ल्यांचं बीट होतं. तेच दिवसभर पायी फिरायचं, बसायचं नाही, दुकानदाराशी गप्पा मारायच्या नाहीत. ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर सार्जंट येणार, तेव्हा तिथं हजर असायचं. भर उन्हाळ्यात लोकरी कोटाचं गळ्याशी लागणारं बटणसुद्धा काढायला परवानगी नाही. मदत हवी असली तर दंडुका फरसबंदीवर आपटायचा. दोन गल्ल्या पलीकडच्या पोलिसाला तो आवाज ओळखता यायला हवा. दारुड्याला ठाण्यावर न्यायचं तर हातगाडी उसनी मागायची. मेलेला कुत्रा, उधळलेला घोडा, तुटलेला दिवा, उघडं राहिलेलं दार, सगळ्याची नोंद करायची.

ठाण्याच्या तळघरात बेघर लोक झोपायचे. त्यांचा वास कोटाला लागतो आणि जात नाही, असं त्यानं तीनदा लिहिलं होतं. जोडीदार आयरिश होता. त्यानं याला इंग्रजी शिकवलं, पण आधी शिव्या शिकवल्या. सुरुवातीला बीट जर्मन वस्तीत होतं. बायका त्याला खिडकीतून हाक मारून पत्राचे पत्ते लिहून घ्यायच्या. मग महापौर बदलला आणि त्याबरोबर सगळ्यांच्या बदल्या झाल्या. याला शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकलं. तिथल्या ठाण्यावर कुणाला जर्मनचा एक शब्द येत नव्हता.

"गेनाऊ," सासूबाई म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "सरकार बदललं की पोस्टमास्तरसुद्धा बदलतो, वडील म्हणायचे." आता त्या रोज दारातच माझी वाट बघायला लागल्या होत्या. कागदातला माणूस त्यांना आवडायला लागला होता. मलाही तो आवडायला लागला होता, आणि म्हणून मी घाबरले होते. शेवटचं पत्र मी शेवटी ठेवलं होतं.

घर सोडायच्या पाच दिवस आधी ते लागलं. त्यानं आपल्या वडिलांना लिहिलेलं, फक्त चार ओळींचं. मी ते वाचून दाखवलं. 'मी माझी जागा सोडली. त्याबद्दल मला पोलिसातून काढलं आहे. हे खरं आहे. माझ्याकडून घरच्या नावाला बट्टा लागला असेल तर क्षमा करा.'

सासूबाईंनी सुरी बाजूला ठेवली. "आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे झालं तर. "त्यानं स्वतःच लिहिलं आहे. वडील बरोबर होते." त्या उठल्या आणि त्यांनी डबा, पत्रं, तसबीर, सगळं दाराशी ठेवलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवलं. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, पण त्या क्षणी मला ती कपाटातली तसबीर वळवणारी मुलगी दिसली. मला मनापासून वाईट वाटलं, आणि रागही आला.

"अहो आई, थांबा," मी म्हणाले. जर्मनमध्येच म्हणाले, पण अर्थ हाच होता. "हे अर्धंच आहे."

"चार ओळी आहेत. खाली सही आहे."

"मी शेकडो खुलासे लिहिले आहेत. पोलीस असाच लिहितो. आधी कबुली, मग कारण. माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी तेच शिकवलं. साहेबाचा राग आधी उतरवायचा, मग आपलं सांगायचं. कारण न लिहिता कुठलाही पोलीस सही करत नाही. याचं कारण कुठे आहे?"

"नसेल त्याच्याकडे कारण."

"माझ्या वडिलांकडे कधीच नसायचं. तरी ते लिहायचे."

मग मला चहाची सगळी हकीकत सांगावी लागली. चक्कर, पॉइंट, चटई, सगळं. त्या हसल्या नाहीत, पण गठ्ठा त्यांनी तसाच ठेवला, बाहेर नेला नाही.

मी डबा उलटा केला. पाकिटं एकेक करून आतून चाचपली. काही नाही. डब्याच्या तळाचा कागद काढला, तर तो नुसताच जुन्या वर्तमानपत्राचा होता. सासूबाई म्हणाल्या, या घरातला प्रत्येक कागद याच डब्यात आहे, आणखी कुठे काही नाही. त्यांच्यावर माझा विश्वास होता. या बाई विजेची पावतीसुद्धा तारखेप्रमाणे लावतात.

आमच्या घरी मात्र कागदांसाठी फाइल नव्हती. रेशनकार्ड, माझा जन्मदाखला, वडिलांच्या बदलीचा हुकूम, सगळं दत्ताच्या तसबिरीमागे खोचलेलं असायचं. जो कागद हरवता कामा नये आणि ज्याचं काय करायचं ते कळत नाही, तो देवाच्या मागे जायचा. आजही पुण्यात बहिणीकडे काही सापडेना झालं की ती आधी देवघरात हात घालते. मी तसबीर उचलली आणि उलटी केली.

मागच्या पुठ्ठ्याला बारीक खिळे होते. त्यातले दोन नंतर कुणीतरी काढून पुन्हा वेडेवाकडे ठोकले होते. सासूबाईंनीच केक कापायची सुरी दिली. पुठ्ठा निघाला. आत चार घड्या घातलेला एक कागद होता, लाखेच्या ठिपक्यानं बंद केलेला. लाख अखंड होती. वर लिहिलं होतं, 'आईसाठी. पाद्रीबाबांकडून वाचून घ्यावं.'

"तिला वाचता येत नव्हतं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

आम्ही दोघी त्या लाखेकडे बघत राहिलो. चार ओळींचं पत्र तिच्या नवऱ्यानं वाचलं आणि त्याचं मत ठरलं. मग हा कागद पाद्र्याकडे न्यायची त्या माऊलीची हिंमत झाली नसेल, किंवा तिला नेऊ दिला नसेल. टाकवला तर नाहीच. तसबीर भिंतीवरून उतरवायला लावली तेव्हा तिनं तो मुलाच्या पाठीमागे ठेवून दिला. खिळे तिनेच ठोकले असणार. मला इतकं भरून आलं की मी चष्मा पुसायला लागले.

"उघड," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही उघडा. घर तुमचं आहे."

त्यांनी सुरीचं टोक लाखेखाली घातलं.

तो कागद वाचायला मला अडीच दिवस लागले. ऑफिसमधून एक दिवस रजा घेतली. काय काम आहे विचारलं तर घरचं म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना नुसता मथितार्थ सांगितला. एक चार वर्षांची मुलगी त्याच्या बीटवर रडत उभी होती. आपल्याकडचंच जर्मन बोलत होती. नियमाप्रमाणे तिला ठाण्यावर जमा करायची आणि आपल्या जागेवर परत यायचं. पण त्या ठाण्यावर तिचं बोलणं कुणाला कळणार नव्हतं, आणि तिच्या आईबापांना ठाण्याचा रस्ता विचारता येणार नव्हता. मागे एक मूल तसंच दोन दिवस पडून होतं. म्हणून त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि दारोदार विचारत निघाला. घर सापडलं. परत आला तेव्हा सार्जंट कोपऱ्यावर उभा होता.

सासूबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि हे तुझ्या वडिलांच्या चक्करसारखं नसेल कशावरून?"

प्रश्न अगदी रास्त होता. चहाची गोष्ट मीच सांगून बसले होते. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो असा. आईला लिहिताना माणूस खोटं बोलणार नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण माणसं आईशीच सगळ्यांत गोड खोटं बोलतात. मला पुरावा हवा होता आणि हाताशी दोन दिवस होते.

वही उरली होती. ती मी आधी चाळून सोडून दिली होती, कारण तिच्यात दिवे आणि कुत्रे याशिवाय काही नव्हतं. पेन्सिलीनं लिहिलेली, अर्धी पुसट झालेली. आता मी ती खिडकीशी धरून पानागणिक वाचली. वडिलांचीही अशी वही असायची. साहेबाला दाखवायच्या खुलाशात ते चक्कर यायच्या वेळेपासून घामापर्यंत सगळा तपशील भरायचे. खिशातल्या वहीत त्या दिवशी काहीच नसायचं. खोटं बोलायचं ते कुणाला तरी. खिशातल्या वहीशी कोण खोटं बोलतं?

शेवटून तिसऱ्या पानावर ते मिळालं. 'मुलगी, अंदाजे चार. तपकिरी झगा. एकाच पायात बूट. सात गल्ल्या. आई सापडली साडेचारला. सार्जंट कोपऱ्यावर.' एवढंच. आईच्या पत्रात बुटाचा उल्लेख नव्हता. आणि मागची पानं उलटली तर अशाच आणखी नोंदी. 'मुलगा, तीन, गाढ झोपला, उचलून नेला.' 'दोघी बहिणी, घराचं दार हिरवं.' त्या अकरा. अकरा वेळा त्यानं जागा सोडली होती, आणि बाराव्या वेळी पकडला गेला.

मी ती पानं सासूबाईंना वाचून दाखवली. बुटाशी त्या थांबल्या. "ते पुन्हा वाच," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यावरची तसबीर उचलली, एप्रनच्या टोकानं काच पुसली आणि चार तसबिरींच्या खोक्यात न ठेवता बाजूला खुर्चीवर उभी केली. तोंड आमच्याकडे करून.

जायच्या दिवशी सामान सकाळीच गेलं. स्वयंपाकघर रिकामं झालं. भिंतीवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन उरले होते आणि बोललं की आवाज घुमत होता. नवरा गाडी काढायला बाहेर गेला. सासूबाई कोट घालून, तसबीर छातीशी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता निघायचं.

"कागद आणला आहेस ना?" त्यांनी विचारलं. "वाच. पूर्ण वाच. मला सांगितलंस तसं नको, त्यानं लिहिलं आहे तसं. त्याच्या आईला कुणी वाचून दाखवलं नाही. ती याच खोलीत बसायची. इथून निघाल्यावर मग कुठे वाचणार? तिची कबरसुद्धा आता नाही."

इथं कबरीची मुदत असते. ती संपली की जागा दुसऱ्याला जाते.

मी वाचायला लागले. माझं जर्मन सातारच्या वळणाचं, जुने शब्द तोंडात बसत नव्हते, दोनदा अडखळले. सासूबाईंनी मला सुधारलं नाही. एरवी त्या मला एक चूक करू देत नाहीत. मुलगी, खांदा, गल्ल्या, सार्जंट, सगळं वाचून झालं. शेवटचा भाग मी त्यांना आधी सांगितला नव्हता. तो सांगायचा नसतोच, वाचायचा असतो.

'आई, मी लहान असताना बाजारात हरवलो होतो, तेव्हा गिरणीवाल्यानं आपलं काम टाकून मला खांद्यावर घरी आणलं. तू त्याचे हात धरून रडलीस, ते मला आठवतं. म्हणून तुलाच विचारतो. मी चुकलो का? उत्तर येईपर्यंत मी हा पत्ता बदलणार नाही.'

वही आली त्या पार्सलच्या कागदावर घरमालकिणीचा पत्ता होता. या पत्रावरचाच पत्ता. तो आयुष्यभर तिथंच राहिला होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी तसबीर जराशी लांब धरली आणि त्याच्याकडे बघून, त्यांच्या गावाकडच्या बोलीत, मोठ्यानं आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या,

"नाही रे बाळा. नाही चुकलास."